ब्राउझर कशाची हमी देतो, कशाची नाही

भिलाईच्या पोलाद कारखान्यात भरती निघाली की अर्ज घेऊन कोणी कारखान्याच्या फाटकावर जात नाही. कारखाना ‘सेल’चा, म्हणजे स्टील अथॉरिटी ऑफ इंडियाचा, आणि सेलच्या भरतीचे अर्ज वर्षानुवर्षे ‘सेलकरिअर्स डॉट कॉम’ या वेबसाइटवर भरले जात आले आहेत. दुर्ग-भिलाईतला आयटीआय झालेला उमेदवार अशा वेबसाइटवर नाव, जन्मतारीख, जातीचा दाखला, गुणपत्रिका, फोटो, सही, आणि शुल्क भरताना कार्डाचा नंबरही देऊन मोकळा होतो. आता असल्या नावात एखादे अक्षर इकडेतिकडे करून किंवा मधे एक आडवी रेघ घालून तसेच दिसणारे दुसरे नाव कोणालाही हजारेक रुपयांत विकत घेता येते. त्या नावाचे सुरक्षा प्रमाणपत्र तर फुकट आणि काही मिनिटांत मिळते. अशा नकली वेबसाइटवर गेल्यावर, निदान सुरुवातीचे काही तास तरी, ब्राउझर बहुधा चकार शब्द काढणार नाही. उलट एखाद्या खऱ्याखुऱ्या सरकारी खात्याने प्रमाणपत्राचे नूतनीकरण वेळेत केले नाही, तर तोच ब्राउझर पानभर इशारा देऊन वाट अडवेल. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावी असाच हा प्रकार दिसतो. पण ब्राउझर इथे चुकलेला नसतो. तो जे तपासतो ते आणि आपण त्याच्याकडून जे अपेक्षितो ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक लक्षात घेतला तर इशारा केव्हा मानायचा आणि इशारा नसतानाही केव्हा सावध राहायचे, हे दोन्ही उलगडते.

आपल्या फोनपासून वेबसाइटच्या सर्व्हरपर्यंत माहिती थेट जात नाही. घरातला राउटर, इंटरनेट कंपनीची यंत्रणा, मधली अनेक जाळी असा तिचा प्रवास असतो. पत्त्याच्या सुरुवातीला नुसते ‘एचटीटीपी’ असेल तर या वाटेवरच्या प्रत्येकाला ती माहिती वाचता येते आणि बदलताही येते. ‘एचटीटीपीएस’मधला शेवटचा एस तीन गोष्टी साधतो. मधल्या कोणाला मजकूर वाचता येत नाही, कोणी त्यात फेरफार केला तर तो पकडला जातो, आणि समोरचा सर्व्हर पत्त्याच्या पट्टीत दिसणाऱ्या नावाचाच आहे याची खातरजमा होते. ही तिसरी गोष्ट प्रमाणपत्रावर अवलंबून असते. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था वेगळ्या असतात आणि त्यांपैकी कोणावर विश्वास ठेवायचा याची यादी ब्राउझरमध्ये किंवा ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आधीच भरलेली असते. नेहमीचे साधे प्रमाणपत्र देताना ही संस्था एवढेच पाहते, की मागणाऱ्याचा त्या नावाच्या वेबसाइटवर खरोखर ताबा आहे ना. त्यासाठी ती, उदाहरणार्थ, एक सांकेतिक फाइल सर्व्हरवर ठेवायला सांगते, ती दिसली की काम झाले. मागणारा कोण, त्याचा धंदा काय, नियत कशी, हे ती विचारत नाही. तहसीलीतून मिळणारा रहिवासी दाखला माणूस कुठे राहतो ते सांगतो, तो चारित्र्याचा दाखला नव्हे. वेबसाइटचे प्रमाणपत्र नेमके याच जातीचे आहे.

गोंधळ वाढतो तो आणखी एका कारणाने. ब्राउझर तीन निरनिराळे इशारे देतो आणि आपण तिघांनाही एकच समजतो. पहिला सौम्य असतो: पत्त्याच्या पट्टीत डावीकडे ‘नॉट सिक्युअर’ अशी अक्षरे दिसतात, पान मात्र उघडते. त्याचा अर्थ इतकाच, की ही वेबसाइट जुन्या उघड्या पद्धतीने चालते. दुसरा पानभर असतो: ‘युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’. वेबसाइटने प्रमाणपत्र दाखवले, पण ते पटले नाही, असे तो सांगतो. तिसरा गडद लाल पानाचा, ही वेबसाइट फसवी किंवा घातक आहे असे सांगणारा. तो प्रमाणपत्रावरून येतच नाही. फसव्या वेबसाइटींच्या सतत अद्ययावत होणाऱ्या याद्यांवरून येतो. म्हणजे समोरच्याच्या हेतूबद्दल बोलणारा इशारा हा एवढाच, आणि तोही ती वेबसाइट यादीत चढल्यावरच दिसणार. पहिले दोन इशारे वाटेबद्दल आणि नावाबद्दल बोलतात.

पहिल्या इशाऱ्यावरचा आक्षेप असा, की जिथे नुसते वाचायचे आहे, पासवर्ड नाही, पैसे नाहीत, तिथे ही कटकट कशाला? गावातल्या मंडळाच्या कार्यक्रमांची यादी कोणी मधे वाचली तर बिघडले काय? गुप्ततेपुरता हा आक्षेप खरा आहे, पण फेरफाराचे काय? २०१५ च्या जून महिन्यात बंगळुरूतल्या एका प्रोग्रामरच्या लक्षात आले, की एअरटेलच्या थ्रीजी जोडणीवरून वेबसाइट उघडली की पानात मुळात नसलेला प्रोग्राम आपोआप घुसवला जातो. तो फ्लॅश नेटवर्क्स या इस्रायली कंपनीचा होता. ग्राहकांना डेटाचा वापर कळावा म्हणून केलेला तो प्रयोग होता, असा खुलासा एअरटेलने केला. हेतू काहीही असो, वेबसाइटचा मालक आणि वाचक या दोघांच्याही नकळत मधल्या कंपनीला पानात हात घालता आला, कारण वाट उघडी होती. आज प्रोग्राम घुसतो, तर उद्या त्याच जागी खोटी जाहिरात किंवा बदललेला खाते क्रमांकही घुसू शकतो. क्रोमने जानेवारी २०१७ मध्ये पासवर्ड किंवा कार्डाचा नंबर मागणाऱ्या उघड्या पानांवर ‘नॉट सिक्युअर’ लिहायला सुरुवात केली आणि जुलै २०१८ पासून सगळ्याच उघड्या पानांवर, ते यासाठी. तरीही व्यवहारात या इशाऱ्याचा अर्थ मर्यादितच घ्यावा. वाचायला हरकत नाही. पण अशा पानावर पासवर्ड, ओटीपी, आधार किंवा कार्डाचा नंबर टाकू नये आणि तिथून कोणतेही अ‍ॅप उतरवून घेऊ नये.

दुसरा, पानभराचा इशारा अधिक बारकाईने वाचण्यासारखा आहे, कारण त्याच्या तळाशी इंग्रजीत एक सांकेतिक ओळ असते आणि खरे कारण तीत दडलेले असते. त्या ओळीत ‘डेट इनव्हॅलिड’ असेल तर प्रमाणपत्राची मुदत संपलेली असते, किंवा आपल्याच यंत्राचे घड्याळ चुकलेले असते. छत्तीसगडमध्ये चॉइस सेंटर म्हणतात त्या सेवा केंद्रात जुना डेस्कटॉप असेल आणि त्याच्या मदरबोर्डवरची बटणाएवढी बॅटरी संपली असेल, तर वीज गेली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि मग बँकेपासून गूगलपर्यंत सगळेच असुरक्षित दिसू लागते. तारीख दुरुस्त केली की इशारा गायब. ‘कॉमन नेम इनव्हॅलिड’ असेल तर प्रमाणपत्र एका नावाचे आणि उघडलेली वेबसाइट दुसऱ्या नावाची. यात कधी पत्त्याच्या आधीचे ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ प्रमाणपत्रात लिहायचे राहून गेलेले असते, तर कधी खरोखरच कोणी मधे उभा असतो. ‘ऑथॉरिटी इनव्हॅलिड’ असेल तर प्रमाणपत्र देणारी संस्था ब्राउझरच्या ओळखीची नाही. स्थानकावरचे किंवा हॉटेलातले मोफत वायफाय जोडल्याजोडल्या असे इशारे कधीकधी दिसतात, कारण आपण बँकेची वेबसाइट मागत असतो आणि मधली यंत्रणा स्वतःचे लॉगिनचे पान पुढे करते. क्रोममधल्या अशा तीस कोटींहून अधिक इशाऱ्यांचा अभ्यास करून संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले, की निम्म्याहून अधिक वेळा कारण वापरणाऱ्याच्या यंत्रात किंवा मधल्या जाळ्यात असते, वेबसाइटच्या चुकीत नाही.

यावरचा आक्षेप रास्त आहे. बहुतेक इशाऱ्यांमागे चोर नसेल, तर ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ दाबून पुढे गेलो तर काय बिघडते? लोकांनी हेच केले आहे. २०१३ मध्ये अडीच कोटींहून अधिक इशाऱ्यांवर झालेल्या अभ्यासात दिसले, की क्रोमचा प्रमाणपत्राचा इशारा सुमारे सत्तर टक्के वेळा ओलांडला जात होता, तर फायरफॉक्सचा तेहतीस टक्के. फसव्या आणि घातक वेबसाइटींचे इशारे ओलांडण्याचे प्रमाण मात्र दोन्हीकडे पंचवीस टक्क्यांखाली होते. म्हणजे लोक बेफिकीर नव्हते. जिथे ‘इथे चोर आहे’ असे स्पष्ट सांगितले तिथे ते थांबले. जिथे इशाऱ्याची भाषाच कळली नाही तिथे नेहमीच्या अनुभवावर विसंबून पुढे गेले. पण या अनुभवाची एक अडचण आहे. वाटेत बसलेला चोर आणि मुदत संपलेले प्रमाणपत्र, दोन्हींचा इशारा जवळजवळ सारखाच दिसतो, आणि पुढे गेल्यावर उघडणारे पानही हुबेहूब असते. शंभरांत नव्याण्णव वेळा काही झाले नाही, यावरून शंभराव्या वेळेबद्दल काहीच कळत नाही. म्हणून साधा नियम असा: तारीख तपासा, मोफत वायफाय सोडून मोबाइल डेटावर या, पत्ता स्वतः पुन्हा टाइप करा. एवढे करूनही इशारा राहिला तर तिथे काहीही भरू नका. काही वेबसाइटी तर आपल्याबाबतीत ही पळवाट ठेवूच नका असे ब्राउझरला आधीच सांगून ठेवतात. तिथे पुढे जाण्याचा दुवाच दिसत नाही आणि ते योग्यच आहे.

‘ऑथॉरिटी’चा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो हे पाहायला परदेशात जायला नको. २ जुलै २०१४ रोजी गूगलच्या लक्षात आले, की आपल्या काही वेबसाइटींच्या नावाची प्रमाणपत्रे आपण न मागताच कोणीतरी दिली आहेत. ती दिली होती नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटरने, म्हणजे देशभरातल्या सरकारी वेबसाइटी सांभाळणाऱ्या एनआयसीने. एनआयसीला हा अधिकार होता माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या प्रमाणन नियंत्रकाकडून, आणि त्या नियंत्रकाचे मूळ प्रमाणपत्र, ज्याच्या जोरावर खालची प्रमाणपत्रे मान्य होतात ते, मायक्रोसॉफ्टच्या विश्वासू यादीत होते. विंडोजवरचा क्रोम तेव्हा मायक्रोसॉफ्टचीच यादी वापरत असे. फायरफॉक्सची यादी स्वतःची होती आणि तीत हे मूळ प्रमाणपत्र नसल्याने त्याच्या वापरकर्त्यांना धोका नव्हता. नियंत्रकाने दुसऱ्याच दिवशी एनआयसीची मधली प्रमाणपत्रे रद्द केली. चौकशीअंती त्यांनी कळवले, की एनआयसीच्या प्रमाणपत्र देण्याच्या प्रक्रियेत घुसखोरी झाली होती आणि चुकीची प्रमाणपत्रे चारच होती: तीन गूगलच्या नावांची, एक याहूच्या. गूगलने मात्र सांगितले, की या चारांत न बसणारी प्रमाणपत्रेही आपल्याला माहीत आहेत, त्यामुळे घुसखोरीची व्याप्ती अज्ञातच मानावी लागेल. मोठ्या प्रमाणावर गैरवापर झाल्याची चिन्हे दिसली नव्हती. तरी क्रोमने भारताच्या त्या मूळ प्रमाणपत्रावरचा विश्वास ‘गव्ह डॉट इन’, ‘एनआयसी डॉट इन’, ‘एसी डॉट इन’ अशा मोजक्या सात नावांपुरता मर्यादित केला. असे प्रमाणपत्र ज्याच्या हाती आहे आणि जो वाटेतही बसला आहे, त्याला गूगलचे सोंग घेऊन टपाल वाचता आले असते; गूगलच्या नावांची प्रमाणपत्रे क्रोम वेगळी तपासत असे, पण मायक्रोसॉफ्टची यादी वापरणाऱ्या इतर ब्राउझरांनी कोणताही इशारा दिला नसता. हा केवळ तर्क नाही. नेदरलँड्समधल्या डिजिनोटार या संस्थेत २०११ मध्ये घुसखोरी झाली, तेव्हा गूगलच्या नावाचे खोटे प्रमाणपत्र इराणमधल्या लोकांविरुद्ध प्रत्यक्ष वापरले गेले आणि हे उघड झाल्यावर महिनाभरात ती संस्था दिवाळखोरीत गेली.

इथे एक वेगळाच आक्षेप पुढे येतो. भारतातल्या वेबसाइटींवर विश्वास ठेवायचा की नाही, हे अमेरिकेतल्या दोन-चार कंपन्यांनी का ठरवावे? हा प्रश्न नुसता भावनेचा नाही. २०२२ मध्ये निर्बंध लागू झाल्यावर पाश्चात्त्य संस्थांनी अनेक रशियन वेबसाइटींना प्रमाणपत्रे देणे थांबवले आणि रशियाला स्वतःचे मूळ प्रमाणपत्र पुढे आणावे लागले. भारत सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीय ब्राउझर घडवण्याची स्पर्धा जाहीर केली, तीत आपल्या प्रमाणन नियंत्रकाचे मूळ प्रमाणपत्र ब्राउझरमध्ये असावे ही अट होती. मार्च २०२५ मध्ये झोहोला पहिले बक्षीस मिळाले. स्वतःचे मूळ प्रमाणपत्र असण्यात गैर काहीच नाही. प्रश्न आहे तो त्यावर नजर कोणाची, हा. कझाकस्तानच्या सरकारने २०१९ मध्ये नागरिकांना सरकारी प्रमाणपत्र फोनमध्ये बसवायला सांगितले, तेव्हा त्यातून सगळ्यांचा व्यवहार वाचता येण्याची सोय होत होती; क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिघांनीही ते प्रमाणपत्र अडवले. आता दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्राची नोंद सार्वजनिक वह्यांत करण्याची पद्धत आहे आणि एप्रिल २०१८ नंतर दिलेल्या प्रमाणपत्रांना अशी नोंद असल्याखेरीज क्रोम मान्यता देत नाही. कोणीही त्या वह्या चाळून आपल्या नावाचे परके प्रमाणपत्र पकडू शकतो. विश्वास स्वदेशी असावा, पण तो अशा उघड्या वहीत तपासता येणाराच असावा. २०१४ चा धडा हाच आहे.

आता सगळ्यात बोचरा प्रश्न. फसव्या वेबसाइटींनाही प्रमाणपत्र मिळते, मग या साऱ्याचा उपयोग काय? लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा संस्थेने डिसेंबर २०१५ पासून फुकट प्रमाणपत्रे सर्वांसाठी खुली केली. त्यातून छोट्या शाळा, मंडळे आणि दुकाने यांना मोठा आधार मिळाला, तसाच तो ठगांनाही मिळाला. २०२१ पर्यंत पासवर्ड लुबाडणाऱ्या वेबसाइटींपैकी दहांत आठांहून अधिक एचटीटीपीएसवर होत्या. ‘कुलूप दिसले म्हणजे वेबसाइट खरी’ हा सल्ला वर्षानुवर्षे दिला गेला, तो आता धोक्याचा झाला आहे. ब्राउझर बनवणाऱ्यांनाही हे उमगले: क्रोमने सप्टेंबर २०१८ मध्ये पट्टीतला हिरवा ‘सिक्युअर’ शब्द काढला आणि २०२३ मध्ये कुलपाचे चिन्हही. तरी यावरून एचटीटीपीएस निरुपयोगी ठरत नाही. वाटेतली चोरी त्याने खरोखर बंद केली, म्हणून तर ठगांना आता वाटेत न बसता दुकानच थाटून बसावे लागते. त्या दुकानाचा मालक कोण, या प्रश्नाचे उत्तर दुसरीकडून यायला हवे, आणि ते येऊ लागले आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’वर यायला सांगितले. हे नाव पैसे टाकले की मिळत नाही. हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्था ते फक्त बँकांना देते. ‘गव्ह डॉट इन’ सरकारी कार्यालयांनाच आणि ‘एसी डॉट इन’ शिक्षणसंस्थांनाच मिळते. आयआयटी भिलाईचा पत्ता त्यावरच आहे. ‘डॉट कॉम’ला असा दरवान नाही, म्हणून नोकरीच्या अर्जाचा पत्ता जाहिरातीवरून किंवा कंपनीच्या मूळ वेबसाइटवरूनच घ्यावा, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवरून नव्हे. आणि नाव वाचायचे ते ‘एचटीटीपीएस’पुढच्या दोन तिरप्या रेघा सोडून नंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीपर्यंत, उजवीकडून. ‘एसबीआय डॉट बँक डॉट इन’ हे बँकेचे नाव. पण त्याच अक्षरांपुढे आणखी एक टिंब आणि ‘अमुक-केवायसी डॉट टॉप’ लागले असेल, तर मालक तो शेवटचा.

ही सगळी जबाबदारी वापरणाऱ्यावर टाकून मोकळे होणे मात्र अन्यायाचे होईल. निकालाच्या दिवशी विद्यापीठाची वेबसाइट इशारा देत असेल आणि निकाल दुसरीकडे कुठेच नसेल, तर विद्यार्थी पुढे जाणारच. त्याला दोष कसा द्यायचा? पण त्या दिवशी हजारो मुले एक गोष्ट शिकून जातात: हा इशारा दुर्लक्ष करण्यासाठीच असतो. पुढे बँकेच्या बाबतीत खरा इशारा आला की तीच सवय कामी येते, चोराच्या. सरकारी वेबसाइट आहे, चालायचेच, या समजुतीची किंमत ती वेबसाइट नव्हे, तर तिचा वापर करणारा मोजतो. यावरचा उपाय आता टाळताही येणार नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्या यांच्या मंडळाने एप्रिल २०२५ मध्ये ठरवल्याप्रमाणे प्रमाणपत्राची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने कमी होत १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येईल. एवढ्या लहान मुदतीत आठवण ठेवून, फाइल फिरवून, मंजुरी घेऊन नूतनीकरण करणे कोणत्याही कार्यालयाला जमणारे नाही. ते काम यंत्रावरच सोपवावे लागेल आणि ते सोपवण्याची साधने आज फुकट मिळतात. खरे पाहता, प्रमाणपत्राची मुदत संपू देणे ही कार्यालयीन दिरंगाई समजली जाते, ती सुरक्षेतली चूक समजली जायला हवी. खऱ्या वेबसाइटींवर खोटे इशारे येणे जितके कमी होईल, तितका उरलेल्या इशाऱ्यांना अर्थ येईल. आणि मगच लोकांना ‘थांबा’ असे सांगण्याचा अधिकार संस्थांना राहील.